तुटलेली जाळी आणि हरवलेला साचा: जुन्या शेगड्यांच्या सुट्या भागांचा इतिहास

१/
अमेरिकेच्या ईशान्य भागातील एखाद्या जुन्या शेतघरात आजही बिडाची शंभर-सव्वाशे वर्षांची शेगडी आढळते. दार शाबूत, नक्षी शाबूत, पाय शाबूत. केवळ आतली जाळी मधोमध तडकलेली. जाळीवाचून शेगडी पेटत नाही आणि ती बनवणारा कारखाना बंद पडून कित्येक दशके लोटली आहेत. मग ही जाळी आणायची कोठून? या साध्या प्रश्नाच्या मागे ओतकामाचा, कायद्याचा आणि धुराचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्याविषयीचा हा धागा.

२/
प्रथम शब्दांविषयी. येथे शेगडी म्हणजे आपल्याकडची उघडी कोळशाची शेगडी नव्हे. चहूबाजूंनी बंद, पुढे दार असलेली, धूर नळीवाटे छताबाहेर सोडणारी, लाकडावर चालणारी बिडाची पेटी म्हणजे ही शेगडी. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या डोशाच्या जड काळ्या तव्याचे तेच. थंड प्रदेशात या पेटीने दोन कामे केली: घर उबदार ठेवले आणि अन्न शिजवले.

३/
अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांनी आपल्या मायदेशातील शेगडीची पद्धत सोबत आणली. पाच सपाट बिडाच्या प्लेटा जोडून केलेली ही पेटी भिंतीतून खोलीत डोकावत असे आणि तिच्यात लाकूड पलीकडच्या खोलीतील चुलीतून घातले जाई. प्लेटांवर बायबलमधील प्रसंग कोरलेले असत. लाकडी फळीवर चित्र कोरायचे, ती फळी भट्टीजवळच्या ओलसर वाळूत दाबायची आणि उमटलेल्या खोलगट ठशात वितळलेले लोखंड ओतायचे, ही त्यामागची रीत.

४/
ही कोरीव फळी म्हणजेच पॅटर्न. या इतिहासाचा नायक तोच आहे. प्लेट फुटली तर तीच फळी पुन्हा वाळूत दाबता येते. फळी नष्ट झाली तर मात्र तशी प्लेट पुन्हा सहज होत नाही. पुढे या शेगड्या कालबाह्य झाल्या, तेव्हा त्यांच्या प्लेटा चुलीच्या पाठीशी लावण्यासारख्या किरकोळ कामांत गेल्या. हेन्री मर्सर या संग्राहकाने अशा प्लेटा शोधून, त्यांवरील चित्रे व मजकूर वाचून १९१४ मध्ये ‘द बायबल इन आयर्न’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शेगडीच्या सुट्या भागांकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्याची गणना करावी लागते.

५/
१७४४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या नव्या ‘पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस’ची माहिती देणारी पुस्तिका छापली. तळाची, पाठीची, बाजूंच्या, मधल्या, पुढची, वरची अशा प्रत्येक प्लेटेचे तीत स्वतंत्र वर्णन आहे. त्या काळच्या अमेरिकेत, शेगडी ही अखंड वस्तू नसून सुट्या भागांची जुळणी आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडले गेले असेल. प्लेटा ओतण्याचे काम फ्रँकलिनचा मित्र रॉबर्ट ग्रेस याच्या भट्टीत होई.

६/
गव्हर्नरांनी देऊ केलेले पेटंट फ्रँकलिनने नाकारले. इतरांच्या शोधांचा आपल्याला लाभ होतो, तेव्हा आपल्या शोधाचा लाभ इतरांना विनामूल्य मिळावा, अशी त्याची भूमिका होती. लंडनच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने किरकोळ फेरबदल करून त्याच रचनेवर तेथे पेटंट मिळवले आणि पैसा केला, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. भागाचा आकार कोणाच्या मालकीचा, हा वाद शेगडीच्या जन्मापासूनच तिच्या पाठीशी आहे.

७/
खरे स्थित्यंतर एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात घडले. तोवर प्लेटा जंगलातील झोतभट्ट्यांजवळ, खनिजापासून लोखंड काढतानाच ओतल्या जात. आता शहरातील क्युपोला भट्टीत तयार लोखंड पुन्हा वितळवून ओतकाम होऊ लागले. १८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाला. त्याच्या पूर्व टोकाला हडसन नदीकाठी वसलेली ऑल्बनी आणि ट्रॉय ही दोन शहरे शेगड्यांची राजधानी बनली. परिसरातील ओतकामाची बारीक वाळू इतकी उत्तम होती की पातळ प्लेटांवरही नाजूक नक्षी स्वच्छ उठे.

८/
शेगडी आता गुंतागुंतीची झाली. ओबर्लिन महाविद्यालयाच्या संस्थापकांपैकी एक असलेले फायलो पेनफील्ड स्ट्युअर्ट यांनी १८३४ मध्ये स्वयंपाकाच्या शेगडीचे पेटंट घेतले. पुढे ते ट्रॉयला गेले आणि तेथील फुलर अँड वॉरेन या कंपनीने त्यांच्या शेगड्या बनवल्या. भट्टी, जाळी, राखेचा खण, धुराच्या वाटा, झडपा, झाकणे अशा अनेक भागांची ही यंत्रणा होती. भाग वाढले, तशा नादुरुस्तीच्या जागाही वाढल्या.

९/
त्याबरोबर चोरीही वाढली. प्रतिस्पर्ध्याची शेगडी बाजारातून विकत घ्यायची, तिचे बोल्ट सोडवायचे, प्रत्येक प्लेट वाळूत दाबायची आणि आपली शेगडी ओतायची. कोरीवकामाचा व पॅटर्नचा सगळा खर्च वाचला! न्यू यॉर्कचे शेगडी उत्पादक जॉर्डन मॉट आणि इतरांनी १८४१ मध्ये याविरुद्ध काँग्रेसकडे दाद मागितली. २९ ऑगस्ट १८४२ रोजी अमेरिकेत नवा पेटंट कायदा झाला आणि वस्तूच्या नव्या, मूळ रचनेला सात वर्षांचे संरक्षण मिळाले.

१०/
याच कायद्यातील आणखी एक कलम पुढच्या पिढ्यांना उपकारक ठरले. पेटंट घेतलेल्या वस्तूवर पेटंटची तारीख उमटवणे त्याने बंधनकारक केले. म्हणूनच जुन्या अमेरिकी शेगड्यांच्या अंगावर नावाबरोबर एक वा अनेक तारखा ओतलेल्या दिसतात. त्या उमटवण्याचा हेतू नक्कल करणाऱ्याला इशारा देण्याचा. शंभर वर्षांनी सुटा भाग शोधणाऱ्याला मात्र तोच इशारा वाटाड्या होतो: तारखेवरून पेटंट सापडते आणि पेटंटच्या चित्रावरून हरवलेल्या भागाचा आकार कळू शकतो.

११/
येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ही तारीख पेटंटची असते, निर्मितीची नव्हे. यशस्वी शेगडी पेटंटनंतर पुष्कळ वर्षे त्याच पॅटर्नवर ओतली जात असे. ‘अमुक साली पेटंट’ एवढ्यावरून ‘अमुक सालची शेगडी’ असे विधान करणे म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे वर्ष त्याच्या विसाव्या आवृत्तीला चिकटवणे होय.

१२/
आता मूळ अडचणीकडे वळू. तुटलेली जाळी हाती आहे. तीच जोडून वाळूत दाबली आणि नवी ओतली तर? नेमकी हीच युक्ती नक्कल करणारे वापरत आणि तिची शिक्षा निसर्ग देई. वितळलेले बीड थंड होताना आकसते, फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास एक टक्का. दोन फुटांची प्लेट पॅटर्न म्हणून वापरली, तर नवी प्लेट पाव इंच आखूड भरते. नकलेची नक्कल केली, तर ती आणखी आखूड.

१३/
मूळ पॅटर्न बनवणारे कारागीर हे गणित आधीच सांभाळत. त्यांची मोजपट्टीच वेगळी असे: तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा तेवढ्याच अंशाने लांब. शिवाय लाकडी पॅटर्न वारंवार वापरून झिजतो, म्हणून त्यावरून लोखंडी पॅटर्न ओतला जाई आणि उत्पादन त्यावर चाले. दोनदा ओतकाम म्हणजे दोनदा आकसणे. म्हणून पहिला लाकडी पॅटर्न दुप्पट सूट धरून घडवावा लागे. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. तेथेही ओतकाम याच हिशेबाने चालते.

१४/
दुसरी अडचण नेमकी उलट दिशेची आहे. बीड वर्षानुवर्षे लालबुंद तापत आणि निवत राहिले, तर त्याची अंतर्रचना बदलते आणि ते कायमचे किंचित फुगते. जाळी वाकते, पाठीची प्लेट पोट काढते. म्हणजे हाती असलेला जुना भाग मूळ मापाहून मोठा आणि वेडावाकडा, तर त्यावरून ओतलेला नवा भाग आकसलेला. खरे माप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. ते निश्चितपणे सांगणारी एकच वस्तू म्हणजे कारखान्यातील मूळ पॅटर्न.

१५/
मग प्रत्येक शेगडीला चालेल अशी प्रमाणित जाळी का निघाली नाही? एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शस्त्रागारांनी बंदुकीचे अदलाबदल करता येणारे भाग घडवून नाव कमावले होते. शेगडीचे अर्थकारण वेगळे होते. एकाच पॅटर्नवरच्या हजार शेगड्यांचे भाग एकमेकींना बसत. पण उत्पादक दर हंगामात नवे नाव, नवी नक्षी, नवे आकारमान बाजारात आणत. नावीन्य विकले जाई आणि प्रत्येक नाविन्यासोबत सुट्या भागांचे एक वेगळे कुटुंब जन्माला येई.

१६/
या वैभवामागे वाळूत गुडघे टेकून काम करणारे हजारो ओतारी होते. ओतकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना १८५९ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली आणि तिचा नेता विल्यम सिल्व्हिस स्वतः ओतारी होता. ट्रॉय हे तिचे बलस्थान. १८६० च्या दशकात तेथील कामगारांनी स्वतःच्या मालकीच्या सहकारी ओतशाळाही उभारल्या. पॅटर्न मालकाचा असला, तरी पातळ प्लेट न तडकता वाळूतून बाहेर काढण्याचे कसब कामगाराच्या हातात होते. सुट्या भागाच्या इतिहासात हे दुसरे हरवलेले भांडवल.

१७/
शेगडीतील सगळेच भाग सारखे नाशवंत नसतात. पाय, वरची नक्षी, बाजूच्या प्लेटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. निखाऱ्यांना भिडणारे भाग आधी जातात: जाळी, भट्टीचे अस्तर, आतली आडवी प्लेट. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबातही भांडे टिकून राहते आणि जाळी बदलावी लागते, कारण तेच. दाराच्या खिडकीत अभ्रकाचे पातळ पापुद्रे बसवत. काच तडकेल अशा उष्णतेतही अभ्रक टिके आणि आतली ज्वाळा दिसत राही. त्या काळी अभ्रक पुरवणाऱ्या प्रमुख देशांत भारत होता. आजच्या झारखंडातील कोडरमा-हजारीबाग हा पट्टा त्यासाठी विख्यात.

१८/
या नाशवंत भागांवर एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. मोठ्या शहरांतील दुरुस्ती-साहित्याचे व्यापारी असंख्य शेगड्यांचे भाग बाळगत आणि जाडजूड सूचिपत्रे काढत. ग्राहकाने शेगडीचे नाव, क्रमांक, उत्पादकाचे नाव, पेटंटची तारीख आणि भाग उजवा की डावा हे कळवायचे. मूळ उत्पादक या भागांना हलके व बेमाप म्हणत आणि आमचेच अस्सल भाग घ्या अशी जाहिरात करत. आकसण्याचे गणित पाहता त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. पण उत्पादक बुडाल्यावर ग्राहकाला आधार याच व्यापाऱ्यांचा होता.

१९/
१८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात डेट्रॉइटच्या मिशिगन स्टोव्ह कंपनीने आपल्या ‘गार्लंड’ शेगडीची महाकाय प्रतिकृती उभारली: उंची २५ फूट, वजन सुमारे १५ टन. ती मात्र ओक लाकडात कोरून धातूसारखी रंगवली होती. पुढे ती डेट्रॉइटमध्ये मानचिन्ह म्हणून उभी राहिली आणि ऑगस्ट २०११ मध्ये वीज पडून जळाली. बिडाच्या युगाचे सर्वांत मोठे स्मारक लाकडाचे होते. ते पुन्हा ओतून काढता येईल असा पॅटर्न त्याला नव्हताच.

२०/
विसाव्या शतकात गॅस, वीज, खनिज तेल आणि मध्यवर्ती तापनव्यवस्था यांनी शेगडीला स्वयंपाकघरातून हुसकावले. ओतशाळा एकामागून एक बंद झाल्या. पॅटर्नचे ढीग कोणाला हवे होते? लाकडी पॅटर्न सरपणात गेले, लोखंडी वितळले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ च्या भंगार मोहिमांनी घरोघरचे निरुपयोगी लोखंड गोळा केले. शेगडी शेतघराच्या कोठारात राहिली. तिचे मूळ मात्र संपले.

२१/
ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि तेलाचे भाव कडाडले. न्यू इंग्लंडमधील कुटुंबे पुन्हा लाकडाकडे वळली. कोठारातील शेगड्या बाहेर आल्या आणि तीस-चाळीस वर्षे कोणी न विचारलेला प्रश्न पुन्हा ऐकू येऊ लागला: हिची जाळी कोठे मिळेल? १९७५ मध्ये व्हर्माँटमधील रँडॉल्फ येथे डंकन साइम आणि मरे हॉवेल यांनी ‘व्हर्माँट कास्टिंग्ज’ सुरू करून बिडाच्या शेगडीला नवे जीवन दिले. दुसरीकडे जाड पोलादी पत्रा वितळजोड करून केलेल्या साध्या शेगड्याही लोकप्रिय झाल्या.

२२/
दुरुस्तीच्या दृष्टीने या दोन वाटा भिन्न होत्या. पोलादी शेगडीला पॅटर्न लागत नाही. गावचा वितळजोड करणाराही तिला नवा तुकडा लावू शकतो. आतल्या अग्निरोधक विटाही बहुधा ठरावीक मापाच्या, ९ इंच लांब व साडेचार इंच रुंद. कोणत्याही दुकानातून आणाव्यात. दाराभोवतीची दोरी मीटरवर मिळते. त्या दोरीत आणि अस्तरात पूर्वी ॲस्बेस्टॉस वापरत. ते फुप्फुसांस घातक ठरल्याने पुढे काचतंतूची दोरी आली. म्हणून जुन्या शेगडीची राखाडी दोरी उचकटणे आजही जोखमीचे काम आहे.

२३/
आणि मग धुराचा हिशेब समोर आला. हिवाळ्यात दऱ्याखोऱ्यांतील गावांवर धूर साचून राहू लागला. ओरेगॉन राज्याने १९८३ मध्ये कायदा केला. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या शेगड्यांसाठी देशव्यापी मर्यादा ठरवल्या. १९९० पासून उत्प्रेरक असलेल्या शेगडीला तासाला ४.१ ग्रॅम आणि नसलेल्या शेगडीला ७.५ ग्रॅम सूक्ष्म कण, ही कमाल मर्यादा झाली. २०२० पासून ती २ ते अडीच ग्रॅमवर आली. आता सुटा भाग नुसता बसून भागत नाही. ज्या रचनेची चाचणी झाली तिच्याशी तो जुळावा लागतो. उत्प्रेरकाची सच्छिद्र जाळी हा तर ठरावीक वर्षांनी बदलावाच लागणारा भाग.

२४/
नियम जुन्या शेगड्यांपर्यंतही पोहोचले. माँटानातील लिबी या गावात २००५ पासून हजाराहून अधिक जुन्या शेगड्या बदलण्यात आल्या. ओरेगॉनमध्ये १ ऑगस्ट २०१० पासून घर विकताना अप्रमाणित शेगडी काढून नष्ट करणे बंधनकारक झाले. नष्ट का? ती दुरुस्त होऊन दुसऱ्या घरात धूर करू नये म्हणून. १९४० पूर्वीच्या अलंकृत, मूल्यवान शेगड्यांना मात्र तेथे पुरावस्तू म्हणून सूट आहे. म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यातील नक्षीदार शेगडी वाचते आणि शेतकऱ्याची साधी शेगडी भंगारात जाते. इतिहासाच्या साधनांची अशी निवड नवी नाही. सामान्यांच्या वस्तू अशाच आधी नाहीशा होतात.

२५/
धुराने आजारी पडणारी मुले आणि कोठारातील साधी बिडाची पेटी, या दोहोंत निवड करायची झाली तर मुलांच्याच बाजूने उभे राहावे लागेल. परंतु नष्ट करण्यापूर्वी शेगडीचे नाव, क्रमांक, तारखा, भागांची मापे व छायाचित्रे नोंदवायला फारसा खर्च येत नाही. शेगडी पेटवणे थांबवता येते. तिच्याविषयीचे ज्ञान पुसून टाकण्याची गरज नसते.

२६/
मग पहिल्या पोस्टमधील ती तडकलेली जाळी? तिचा शोध आजही त्याच क्रमाने होतो. आधी शेगडीवरचे नाव, क्रमांक व तारीख वाचायची. उत्पादकाचा वारस अथवा सुट्या भागांचा जुना साठा बाळगणारा व्यापारी शोधायचा. तेथे न मिळाल्यास तशीच दुसरी मोडकी शेगडी मिळवून तिचा भाग काढून घ्यायचा. तेही न जमल्यास जुना तुकडा जोडायचा, फुगलेला व वाकलेला भाग दुरुस्त करायचा, कडांना एक टक्क्याची भर घालायची आणि वाळूत दाबायचा. आता संगणकावर आकार टिपून हे काम होऊ शकते, पण आकसण्याचा हिशेब अठराव्या शतकातला आहे तसाच आहे.

२७/
नवी जाळी ओतून झाल्यावर काही ओतारी जुन्या भागावरची अक्षरेही तिच्यावर जशीच्या तशी उठू देतात: बंद पडलेल्या कारखान्याचे नाव, ट्रॉय अथवा ऑल्बनी, आणि एक तारीख. जाळी एक-दोन हिवाळ्यांत पुन्हा काळी पडते. अक्षरे मात्र वाचता येतात. पुढच्या वेळी ती तडकेल, तेव्हा शोधणाऱ्याला तेवढे पुरेसे होईल.

(धागा समाप्त)